गजबजलेल्या ठिकाणी लग्नाची मागणी टिपताना

तुमच्या प्रश्नाचा आशय मी आधी थोडक्यात मांडतो. एका सहकाऱ्याने आपल्या मैत्रिणीला लग्नाची मागणी घालण्याचे ठरवले आहे. जागा तळ्याकाठच्या फरसबंद वाटेवरची, वेळ सुट्टीच्या दिवशी सूर्यास्ताच्या सुमाराची, म्हणजे सर्वाधिक वर्दळीची आहे. तिला कशाचीही कल्पना नाही. फोटो काढण्याचे काम तुमच्यावर आले आहे. तुमच्याजवळ एक फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, दूरचे जवळ आणणारी ७०-२०० मिमी एफ २.८ झूम आणि रुंद दृश्य टिपणारी ३५ मिमी अशा दोन लेन्स आहेत, आणि अडचण अशी की तिने तुम्हाला एकदा पाहिलेले आहे. लपायचे कोठे, सेटिंग काय ठेवायचे, ऐन वेळी कोणी मध्ये आले तर काय करायचे आणि तिने नकार दिला तर काय करायचे, असे तुमचे चार प्रश्न आहेत.

अशी कामे मी अनेक वर्षे करत आलो आहे आणि त्यांतील माझे बहुतेक अपयश कॅमेऱ्यामुळे आलेले नाही. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे तुमचा सहकारी नेमका कोठे उभा राहतो आणि कोणत्या बाजूला तोंड करतो, यावर अवलंबून आहेत. माझ्या सुरुवातीच्या एका कामात मी त्या तरुणाला ‘दिव्याच्या खांबाजवळ थांब’ एवढेच सांगितले होते. तो खांबाजवळच थांबला, पण खांबाच्या पलीकडच्या अंगाला, आणि तो गुडघा टेकत असताना ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. माझ्याजवळ तिच्या पाठीचे चाळीसएक फोटो आले. फोकस, प्रकाश, सारे ठीक होते. फक्त ज्या चेहऱ्यासाठी हा सगळा खटाटोप होता तो चेहरा त्यांत नव्हता. त्या दिवसापासून मी जागा ठरवताना खांब, बाक, झाड असे शब्द वापरत नाही. फरशीचा विशिष्ट तुकडा, कठड्याचा विशिष्ट खांब असे ठरवतो, त्याचा फोटो काढून त्यावर बाण आखतो आणि तो फोटो त्या व्यक्तीला पाठवतो.

तळ्याच्या कठड्याशी एक सापळा आहे आणि तो तुम्हाला नक्की आडवा येईल. पाणी दिसले की माणसे कठड्याला टेकून पाण्याकडे तोंड करतात. फोटो काढणारा काठावर मागे उभा असेल, तर त्याला दोन पाठी दिसतात. म्हणून आदल्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी तेथे जा आणि कठडा कोठे वळतो ते पाहा. काठ आत वळलेला असेल, तर वळणाच्या एका टोकाला ते दोघे आणि दुसऱ्या टोकाला तुम्ही, अशी मांडणी करता येते. त्यात दोन गोष्टी एकदम साधतात: पाण्याकडे पाहणाऱ्या माणसाचा चेहरा तुमच्या बाजूला येतो आणि तुमच्या व त्यांच्या मध्ये पाणी असल्यामुळे कोणीही चालत आडवे येऊ शकत नाही. गर्दीतल्या कामाचे माझे सर्वांत महत्त्वाचे सूत्र हेच आहे. मध्ये पाणी असो, फुलांचा ताटवा असो, कारंज्याचे कुंड असो किंवा उतरत्या पायऱ्यांचा कोपरा असो. ज्या जागेवरून कोणी चालत नाही अशी जागा तुमच्या आणि त्यांच्या मध्ये ठेवा. रिकामी वाट शोधण्यात वेळ घालवू नका, कारण सुट्टीच्या संध्याकाळी रिकामी दिसणारी वाट पुढच्या मिनिटाला भरते.

अशी जागा मिळाली नाही तर कठड्याच्या कडेनेच, त्यांच्यापासून दहा ते बारा मीटरवर, कठड्याला अगदी चिकटून उभे राहा. कठड्याला टेकलेल्या माणसांची रांग आणि तुमची नजर यांमधून एक चिंचोळी फट मिळते. चालणारी माणसे शक्यतो टेकलेल्यांच्या मागून जातात, त्यामुळे ही फट मोकळी राहण्याची शक्यता मधल्या मोकळ्या फरशीपेक्षा अधिक असते.

दिशेबद्दल थोडे सविस्तर सांगतो. मागणी घालणारा काय बोलणार हे त्याला ठाऊक असते. चेहऱ्यावर जे घडते ते तिच्या. तुम्ही एकटे आहात, तेव्हा दोन चेहऱ्यांपैकी एकच पूर्ण मिळणार असेल तर तो तिचा असावा. त्या दोघांना जोडणारी रेषा तुमच्या लेन्सशी बरोबर काटकोनात ठेवली तर दोघांचेही अर्धेच चेहरे दिसतात. ती रेषा किंचित तिरकी करा, म्हणजे तिचा चेहरा पाऊण आणि त्याचा अर्ध्याहून थोडा कमी दिसेल. यानंतरची बाब फार थोडे लोक लक्षात घेतात: गुडघ्यावर बसलेल्या माणसाकडे पाहताना ती मान खाली घालणार आणि केस मोकळे असतील तर ते गालावरून पुढे येणार. भांग एका बाजूला असेल तर एका बाजूचा चेहरा पूर्ण झाकला जातो आणि दुसऱ्या बाजूचा मोकळा राहतो. ती केस कोणत्या बाजूला कानामागे सारते आणि पर्स कोणत्या खांद्यावर घेते, हे सहकाऱ्याला आधीच विचारा, शक्य असेल तर तिचे साधे दोन फोटो मागवून घ्या आणि तुमची बाजू त्यावरून ठरवा.

प्रकाशाचा विचार याच वेळी करावा लागतो. मावळता सूर्य थेट तिच्या चेहऱ्यावर आला तर ती डोळे बारीक करील. तो त्यांच्या मागे तिरका असेल तर केसांना आणि खांद्यांना सोनेरी कड मिळते आणि समोरच्या मोकळ्या आकाशाचा मऊ उजेड चेहऱ्यावर पडतो. मला दुसरी मांडणी अधिक आवडते, पण त्यासाठी एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, चेहऱ्यावर बेतावे लागते आणि मागचे आकाश थोडे उजळून जाणे पत्करावे लागते. सूर्य नेमका कोठे मावळतो हे दाखवणारी अ‍ॅप उपयोगी आहेत, तरी मागच्या इमारतीची सावली किती वाजता फरशीवर येते हे त्यांवरून नेहमी नेमके कळत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष जाऊनच पाहावे लागते. सूर्य मावळल्यावरची पहिली दहा-पंधरा मिनिटे या कामाला चांगली असतात. त्यांना उशीर होणार हे गृहीत धरा आणि ठरवलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासाने प्रकाश कसा असेल, कोणते दिवे लागतील, हेही त्याच फेरीत पाहून ठेवा.

आता लपण्याचा प्रश्न. लपू नका. झाडाआडून डोकावणारा माणूस गर्दीत जितका नजरेत भरतो तितका उघडपणे तळ्याचे फोटो काढणारा भरत नाही. सूर्यास्ताच्या वेळी पाण्याकाठी कॅमेरा घेतलेली माणसे असतातच. तुम्ही त्यांतील एक व्हा. तुमच्याबाबतीत मात्र ओळख ही खरी अडचण आहे. दुरून माणूस ओळखीच्या माणसाला पुष्कळदा चेहऱ्याआधी त्याच्या उभे राहण्याच्या ढबीवरून आणि चालण्यावरून ओळखतो, म्हणून नुसती टोपी आणि गॉगल पुरत नाहीत. ते दोघे येत असताना पाठमोरे राहा, चालू नका, बसा किंवा कठड्याला टेका. सर्वांत चांगला उपाय म्हणजे तिने कधीही न पाहिलेले एखादे माणूस बरोबर घ्या आणि त्याचे फोटो काढत असल्यासारखे उभे राहा. ते माणूस तुमच्या आणि त्या जागेच्या रेषेच्या किंचित बाजूला उभे असेल, तर लेन्स त्या दिशेला रोखलेली असण्याचे कारण कोणाला विचारावेसे वाटत नाही. शिवाय तुमची पाठ वळलेली असताना वाटेकडे लक्ष ठेवायला तेच माणूस कामी येते.

याच माणसाचा आणखी एक उपयोग आहे. मोठा कॅमेरा घेतलेला माणूस दिसला की अनोळखी पर्यटक आपला मोबाइल पुढे करून ‘आमचा एक फोटो काढाल का’ असे विचारतात. एरवी मी आनंदाने काढतो, परंतु एकदा असाच मोबाइल हातात असताना माझ्यामागे तो तरुण गुडघ्यावर बसला आणि पहिल्या काही सेकंदांना मी मुकलो. आता शेवटच्या वीस मिनिटांत अशी विनंती आली की बरोबरचे माणूस पुढे होते आणि फोटो काढून देते.

संपर्काची व्यवस्था अशी असावी की ऐन वेळी त्याला मोबाइल हातात घ्यावा लागू नये. घरातून निघताना त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन सुरू करावे. ते १५ मिनिटे, १ तास किंवा ८ तास असे ठेवता येते, तुम्ही ८ तास निवडायला सांगा. तुमचे नाव त्याच्या फोनमध्ये ज्याने संशय येणार नाही असे साठवलेले असावे, तुमचा संवाद म्यूट केलेला असावा आणि पडद्यावर संदेशाचा मजकूर उमटणार नाही अशी सोय केलेली असावी. निघण्याआधी दोघांच्या कपड्यांचे वर्णन त्याने एका ओळीत कळवले की तुमचे निम्मे काम सोपे होते. त्यानंतर तुम्ही त्याला काहीही पाठवू नका. एक खूण मात्र ठरवून घ्या, जी तो बोलायला सुरुवात करण्याच्या काही क्षण आधी करील: खांद्यावरची पिशवी खाली ठेवणे, जॅकेटची चेन उघडणे, असे काहीतरी, जे तो एरवी सहज करणार नाही. कान खाजवणे किंवा केसांवरून हात फिरवणे ही खूण मी स्वीकारत नाही, कारण घाबरलेला माणूस या गोष्टी दर मिनिटाला करतो. उलट दिशेची खूणही हवी. तुम्ही टोपी काढून हातात धरली असेल तर ‘अजून थांब, जागा अडलेली आहे’ असा अर्थ त्याने घ्यावा, आणि दोन-तीन मिनिटे तिच्याशी इकडचे तिकडचे बोलत राहावे.

कपड्यांचा उल्लेख आला म्हणून एक जुने छायाचित्र आठवते. १४ ऑगस्ट १९४५ रोजी, दुसरे महायुद्ध संपल्याची बातमी आली त्या दिवशी, न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधील गर्दीत छायाचित्रकार आल्फ्रेड आयझेनश्टेट यांनी एका नौसैनिकाचे आणि पांढऱ्या पोशाखातील तरुणीचे चुंबन टिपले. तिचे कपडे गडद असते किंवा त्याचे पांढरे असते तर आपण तो फोटो काढलाच नसता, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. गर्दीतून दोन माणसे वेगळी उठून दिसण्यासाठी यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही. तिने काय घालावे हे सुचवायला गेलात तर तिला संशय येईल, म्हणून ते तिच्यावर सोडा. त्याने मात्र एका रंगाचा, बारीक नक्षी नसलेला शर्ट घालावा. मागे गडद झाडी असेल तर फिकट आणि मागे उजळ पाणी असेल तर गडद.

सेटिंगकडे वळू. १२ मीटर अंतरावरून १०० मिमीला तुमच्या फ्रेममध्ये सुमारे ४.३ मीटर रुंद आणि २.९ मीटर उंच इतका भाग येतो. उभी असलेली ती, बसलेला तो आणि थोडी मोकळी जागा, एवढे त्यात व्यवस्थित बसते. त्याच अंतरावरून २०० मिमीला गेलात तर आडव्या फ्रेमची उंची जेमतेम १.४ मीटर उरते, म्हणजे उभ्या माणसाचे पाय किंवा डोके कापले जाणार. नवख्या फोटोग्राफरचा हात अशा वेळी झूम पूर्ण ताणण्याकडे जातो, तो मोह टाळा. गुडघा टेकण्यापासून होकारापर्यंत १०० मिमीच्या आसपास राहा, मग चेहऱ्यांसाठी आत जा. एफ २.८ ला, म्हणजे लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे असताना, १०० मिमीवर या अंतरावरून साधारण दोन मीटरहून अधिक खोली फोकसमध्ये राहते, म्हणून दोघेही स्पष्ट येतात. २०० मिमीवर मात्र ती ६० सेंटिमीटरच्या आसपास येते आणि तिरक्या रेषेत उभ्या असलेल्या दोघांपैकी एक जण मऊ, म्हणजे अस्पष्ट, होऊ शकतो, तेव्हा तेथे छिद्र थोडे लहान करून एफ ४ वर जा.

शटर स्पीड १/५०० सेकंद ठेवा. उजेड अगदीच उतरला तर १/२५० पर्यंत खाली येता येईल, त्याखाली येऊ नका, कारण थरथरणारे हात आणि झटकन तोंडाकडे जाणारा तळवा त्यापेक्षा कमी वेगात पुसट होतात. अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) आणि शटर हाताने ठरवून आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता, ऑटो ठेवणे या कामात मला सुरक्षित वाटते, मात्र पांढरा शर्ट किंवा मागचे चमकणारे पाणी कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाला फसवते हे ध्यानात घेऊन, बरोबरच्या माणसाला त्याच फरशीवर उभे करून फोटो किती उजळ किंवा गडद करायचा ती भरपाई आधीच ठरवून ठेवा. उजेड स्थिर असेल तर आयएसओही हातानेच ठरवा. फोटो रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची सारी माहिती राखणाऱ्या स्वरूपात, घ्या, कॅमेऱ्याला दोन कार्डांची सोय असेल तर दोन्हींवर एकाच वेळी नोंद होऊ द्या. फ्लॅश अजिबात नको, आणि फोकसला मदत करणारा कॅमेऱ्यावरचा छोटा दिवा बंद असल्याची खात्री करा. अंधारू लागल्यावर तो दुरूनही दिसतो.

आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरचा मोह होईल. दिवसाच्या उजेडात तो वापरायला हरकत नाही. पण विजेचे दिवे लागल्यावर सावध राहा. वीजपुरवठा सेकंदाला ५० किंवा ६० आवर्तनांचा असतो, त्यावर थेट चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० किंवा १२० वेळा लुकलुकतात आणि सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्यामुळे चेहऱ्यावर गडद-फिकट पट्टे उमटतात. एलईडीच्या जाहिरात फलकांजवळ तर ते हमखास येतात. गर्दीच्या गोंगाटात दहा-बारा मीटरवरून यांत्रिक शटरचा आवाज कोणालाही ऐकू जात नाही, म्हणून दिवे लागल्यावर मी तोच वापरतो.

फोकसबद्दलचा तुमचा धसका योग्य आहे. चेहरा ओळखणारा फोकस एकट्या माणसासाठी चांगला. गर्दीत तो मागून येणाऱ्या, अधिक स्पष्ट दिसणाऱ्या चेहऱ्याकडे निसटतो, आणि तिने मान खाली घातली किंवा तोंडावर हात घेतला की तिचा चेहरा त्याला चेहराच वाटत नाही. सतत फोकस चालू ठेवा, पण फोकसचे क्षेत्र लहान करा आणि ते तिच्या चेहऱ्यावर, चेहरा झाकला तर खांद्यावर ठेवा. बहुतेक कॅमेऱ्यांत मध्ये काही आडवे आल्यावर फोकसने किती लवकर नवे लक्ष्य पकडायचे हे ठरवता येते. ते सावकाश करा, म्हणजे एखादा माणूस अर्धा सेकंद आडवा गेला तरी फोकस त्याच्यामागे जाणार नाही. फोकसचे काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणाला देण्याची सवय असेल तर ती येथे उपयोगी पडते: कोणी आडवे आले की अंगठा उचलायचा, ते गेले की पुन्हा दाबायचा. ही सवय नसेल तर त्या दिवशी नवी सुरू करू नका.

आडव्या गेलेल्या माणसामुळे विचलित होऊ नका, एवढेच त्यापुढे सांगता येते. मागणीचा प्रसंग एका क्षणाचा नसतो. पिशवी खाली ठेवण्यापासून मिठीपर्यंत निदान अर्धे मिनिट जाते, त्यातील दोन सेकंद कोणाच्या डोक्याआड गेले तरी बाकीचे हाती असतात. म्हणूनच बर्स्ट, म्हणजे एका दमात अनेक फोटो घेणे, सलग चालू ठेवू नका. कॅमेऱ्याचा बफर, म्हणजे फोटो कार्डावर जाण्याआधी ते साठवणारी तात्पुरती जागा, भरला आणि तिने मान वर केली त्याच वेळी तो थांबला, तर ते नुकसान भरून येणार नाही. खूण दिसल्यावर आधी दोन-तीन सुटे फोटो घ्या, ज्यात जागा, पाणी, गर्दी आणि तिला काहीच ठाऊक नसलेले ते दोघे दिसतील. गुडघा टेकताना एक लहान बर्स्ट, मग थांबा आणि पाहा. तिचा हात तोंडाशी जातो, ती आजूबाजूला पाहते, हसते किंवा रडते, ते प्रत्येक वेळी दोन-चार फोटोंत येते. तो बसल्यावर तुम्हीही कॅमेरा खाली आणा, साधारण त्याच्या डोक्याच्या उंचीवर, कारण मान खाली घातलेल्या चेहऱ्याचा वरून काढलेला फोटो म्हणजे फक्त केसांचा फोटो. त्यामुळे मागची गर्दी थोडी अधिक दिसते हे खरे आहे आणि मी ते स्वीकारतो.

होकारानंतर मिठी येते आणि मिठीत एकाचाच चेहरा तुमच्याकडे असतो. त्याला आधीच सांगून ठेवा की मिठी लवकर सोडू नये आणि जमल्यास सावकाश अर्धा वळावे. तरी त्याला ते आठवेलच असे नाही, म्हणून कठडा सोडून बाजूने चालायला सुरुवात करण्याची तुमची तयारी हवी. आता लपण्याचे कारण उरलेले नसते. जाता जाता एकदा मागे वळून बघ्यांकडे पाहा. टाळ्या वाजवणारी अनोळखी माणसे, हातातला फुगा विसरून पाहत राहिलेला कोणीतरी, हे सारे त्या दोघांनी त्या वेळी पाहिलेले नसते, आणि नंतर फोटो पाहताना ते अशाच फोटोंपाशी रेंगाळतात, असे मी पुष्कळदा पाहिले आहे.

सहकाऱ्याबरोबर एक रंगीत तालीम करा, त्याच जागी, अंगठीच्या डबीसकट. तुमच्याकडचा गुडघा जमिनीवर आणि पलीकडचा वर राहील असे त्याला बसायला शिकवा. उलट बसला तर वर आलेली मांडी त्याचे अर्धे अंग आणि डबी झाकते. डबी छातीच्या उंचीवर धरावी, चेहऱ्यासमोर नव्हे. ती कोणत्या बाजूने उघडते हे बोटांना कळावे म्हणून तिच्या बिजागरीच्या बाजूवर अंगठा ठेवण्याची सवय करावी, कारण घाईत उलटी उघडलेली डबी मी बऱ्याच वेळा पाहिली आहे. पँटच्या पुढच्या खिशात डबीचा फुगवटा दिसतो, तेव्हा जॅकेटचा आतला खिसा बरा. आणि तळ्याच्या कठड्यापासून निदान दोन पावले अलीकडे यावे; हात थरथरत असताना अंगठी पाण्याकडे किंवा फरशीतील जाळीकडे जाऊ नये. शब्द पाठ करायला सांगू नका. सावकाश बोल आणि अंगठी घालायची घाई करू नकोस, एवढे सांगणे पुरे असते. गुडघे टेकणे त्याला अवघड वाटत असेल तर त्याने उभ्यानेच विचारावे, आपण त्याप्रमाणे जागा बदलू. फोटोसाठी त्याच्या स्वभावाला न शोभणारी कृती त्याच्याकडून करून घेऊ नये.

परवानगीचा विषय लहान असला तरी तो आधी निपटावा. लोकांसाठी खुली असलेली प्रत्येक जागा सार्वजनिक मालकीची नसते. बागा, स्थानके, मॉल, संग्रहालये, उंच इमारतींच्या गच्च्या यांचे नियम वेगवेगळे असतात आणि हौशी फोटोला चालणारी जागा पैसे घेऊन केलेल्या कामाला चालेलच असे नाही. ट्रायपॉड दिसला की पहारेकरी येतो. तुम्हाला तो लागणारही नाही. माझे एक काम ऐन वेळी सुरक्षारक्षकाने थांबवल्यामुळे बिघडले होते आणि दोष माझा होता, कारण मी चौकशी केली नव्हती. तेव्हापासून मी लेखी परवानगी फोनमध्ये ठेवतो आणि त्या दिवशी पहाऱ्यावर असलेल्या व्यक्तीला आधी भेटून काय घडणार आहे ते सांगतो. बहुतेक वेळा तीच व्यक्ती पुढे येऊन गर्दी थोडी बाजूला ठेवायला मदत करते. ड्रोन मात्र आणू नका. परवानगी मिळाली तरी त्याच्या आवाजाने आजूबाजूची सगळी डोकी वर होतात, तिचेही.

आता तुमचा चौथा प्रश्न, जो खरे तर सहकाऱ्याने सर्वांत आधी विचारायला हवा होता. अनपेक्षित असावी ती वेळ आणि जागा. लग्नाचा विषयच तिच्यासाठी अनपेक्षित असेल तर गर्दीत तो काढू नये. लग्नाबद्दल त्यांचे बोलणे झाले आहे का, आणि चारचौघांत लक्ष वेधले जाणे तिला आवडते का, हे दोन प्रश्न मी काम घेण्याआधी विचारतो. दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर मी सकाळी लवकरची वेळ किंवा त्याच वाटेवरचा निवांत कोपरा सुचवतो, आणि तो अडून बसला तर काम नाकारतो. आयझेनश्टेट यांच्या ज्या छायाचित्राचा वर उल्लेख केला, त्यातील स्त्री म्हणून पुढे ओळखल्या गेलेल्या ग्रेटा फ्रीडमन यांनी, ते चुंबन आपण निवडलेले नव्हते, असे अनेक वर्षांनी सांगितले होते. जगाने तो फोटो आनंदाचा म्हणून पाहिला, पण त्यातील एका माणसाला विचारलेच गेले नव्हते. आपल्या कामात प्रश्न विचारला जातो, हा मोठा फरक आहे. त्या प्रश्नाला ‘नाही’ किंवा ‘मला वेळ हवा’ असे उत्तर देता येण्याइतकी मोकळीक तिच्याभोवती उरली पाहिजे. म्हणून मित्रांचे टोळके मागे उभे करू नका, फलक नकोत, ध्वनिक्षेपक नकोत. ती अस्वस्थ दिसली, मागे सरली किंवा तिने मान हलवली, तर कॅमेरा लगेच खाली घ्या, पाण्याकडे वळा आणि निघून जा. जवळ जाऊ नका, त्याचे सांत्वन करायलाही नाही. काढलेले फोटो कोणाला दाखवू नका. काही दिवसांनी त्याला विचारून पुसून टाका. हे सारे त्याच्याशी आधी बोलून ठेवा. त्याला ते अवघड जाईल, पण न बोलता राहिलेले अधिक अवघड जाते.

होकार आला असेल तर मिनिट-दोन मिनिटे त्यांना एकटे सोडा, कॅमेऱ्यासमोरही नको. मग त्याने तुमची ओळख करून द्यावी आणि तिला विचारावे की थोडे फोटो काढायला आवडतील का. तिला आवडणार असेल तर ३५ मिमी लावा, गर्दीपासून शंभर पावले दूर जा आणि पंधरा मिनिटांत आटपा. तिला या वेळी फोन करायचे असतात, रडायचे असते, हसायचे असते. अंगठीचा जवळचा फोटो आता घ्या, ३५ मिमीची लेन्स त्यासाठी जवळ न्यावी लागते आणि हात थोडा मोठा दिसतो, म्हणून बोटे लेन्सकडे रोखू न देता आडवी ठेवायला सांगा. गुडघ्यावर बसण्याचा प्रसंग मात्र पुन्हा करायला लावू नका, मूळ फोटो चुकला असेल तरीही. फ्रेंच छायाचित्रकार रॉबेर द्वानो यांनी १९५० मध्ये पॅरिसच्या रस्त्यावर टिपलेले प्रसिद्ध चुंबन अभिनयाचे शिक्षण घेणाऱ्या दोघांना उभे करून काढलेले होते, हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उघड झाले तेव्हा ते खरेखुरे समजून घरात लावणाऱ्या अनेकांना वाईट वाटले होते. तो फोटो सुंदरच आहे. पण तुमचे फोटो पाहणारे ते दोघेच त्या प्रसंगाचे साक्षीदार आहेत आणि पुन्हा केलेला प्रसंग त्यांना दर वेळी ओळखू येईल. फोटो चुकला असेल तर तसे त्यांना सरळ सांगा आणि जे मिळाले ते द्या.

त्या रात्री झोपण्याआधी कार्डांवरचे सारे दोन ठिकाणी उतरवून घ्या आणि सहकाऱ्याला एकच फोटो पाठवा, ज्यात तिचा चेहरा दिसतो. घरच्यांना सांगण्यासाठी त्यांना एखादा लागतोच. बाकीचे निवडून चार-पाच दिवसांत द्या. मागच्या गर्दीतील लहान मुलांचे चेहरे ओळखू येत असतील तर सार्वजनिक करण्यासाठी ते फोटो टाळून दुसरे निवडा. तुमच्या कामाचा नमुना म्हणून एखादा फोटो वापरायचा असेल तर त्या दोघांनाही विचारा, वेगवेगळे विचारा, आणि त्यांच्या घरी सर्वांना बातमी कळेपर्यंत तो कोठेही टाकू नका.